सकाळचा राउंड

साडेसहाला मैत्रेय उठतो, चप्पल उलटी घालतो
आणि म्हणतो, आजी, चल, पेशंट बघू.

इंदोऱ्यातल्या आमच्या घरामागे
कपडे वाळायचे तेवढीच जागा.
त्यात चौदा कुंड्या, रंगाचे दोन डबे, एक फुटका माठ
आणि निळ्या ड्रममध्ये संत्र्याचं झाड.

मेयोतून रिटायर होताना मी एक सवय तेवढी घरी आणली:
पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून आधी नुसतं बघायचं,
हात नंतर लावायचा.
तीच त्याला शिकवते.
तो हात मागे बांधून मोगऱ्यासमोर उभा राहतो,
पोट पुढे, मोठ्या डॉक्टरसारखा.
"याला काय झालं?"
काही नाही. मागच्या महिन्यात छाटला, आता पालवतोय.
"दुखलं का त्याला?"
विचार की.
तो विचारतो. कान लावतो. मान हलवतो.
उत्तर काय आलं ते मला सांगत नाही.

फाल्गुन अर्धा सरलाय.
सकाळी पदर घट्ट ओढून घ्यावा लागतो,
दहा वाजता तोच डोक्यावर.
शेजारच्या गच्चीत रंगारींच्या सुनेनं कूलर उघडलाय,
जुन्या ताटीचा भुगा आमच्या सांबारावर उडून राहिला.
त्याची पुण्याची आई कोथिंबीर म्हणते.
तो पान चुरगळतो, वास घेतो,
आणि ठरवतो: सांबार.

टोमॅटोला सलाईन लावलंय.
खरंच. मेडिकलवाल्या भाच्याची रिकामी बाटली, नळी, सगळं.
मैत्रेय थेंब मोजतो
बारा, तेरा, चौदा, आणि मग एकदम वीस.
मी दुरुस्त करत नाही.
टोमॅटोची तक्रार नाही.

संत्र्याचं झाड नऊ वर्षांचं.
बी याच्या बापानं थुंकलेलं, लग्नाआधी,
मागच्या दारात, फोनवर बोलता बोलता.
उगवलं तसं मी ड्रममध्ये हलवलं.
उंच झालं, काटे आले, फूल नाही.
"वांझ आहे, आई, काढून टाक," तो दरवर्षी म्हणे.
एकतीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात
हा शब्द मी कुणाला उच्चारू दिला नाही,
सासवांनाही नाही.
ड्रमजवळ बरा देईन.

आणि या वर्षी कळ्या.
मोजल्या: अकरा.
दृष्टबिष्ट मानत नाही मी,
तरी कुणाला सांगितलं नाही.

काल दुपारी डोळा लागला.
उठले तर हा उशाशी.
स्टीलच्या ताटलीत पांढऱ्या, लांबट, गुळगुळीत
दहा गोळ्या.
ग्लासात पाणी, निम्मं फरशीवर.
"तू रात्री खोकून राहिली होती ना.
एक सकाळी, एक संध्याकाळी. चावायची नाही."

बापा.
काऊन तोडल्या रे, हे ओठापर्यंत आलं होतं.
पण समोर तो, हात मागे बांधलेले,
आधी नुसता बघत होता,
पायथ्याशी उभं राहून, माझ्याकडे.

मी एक उचलली, जिभेवर ठेवली
आणि चावलीच.
कडू, इतकी कडू,
आणि त्या कडूच्या मागून हळूच नाकात
काटोलच्या बाजूला बस वळते तेव्हा
खिडकीतून येतो तो वास.
"बरं वाटतंय?"
थांब, म्हटलं, औषधाला वेळ लागतो.

संध्याकाळी ड्रमभोवती एकटीच फिरले.
शेंड्याजवळ, काट्यांच्या आत,
चार वर्षांचा हात पुरत नाही तिथे,
एक राहिली होती.

आज राउंडला तीही दाखवली त्याला.
बराच वेळ बघितली त्यानं, हात न लावता.
मुंगी चढली, उतरली.
मग म्हणाला, "ही उद्यासाठी."

मी खुर्ची आत नेऊन ठेवली.